शिडी बांबूची असली तरी ११ केव्हीच्या लाइनखाली जपा

तुमच्या घराच्या कडेने ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची लाइन जाते आणि रंगारी म्हणतो, "शिडी बांबूची आहे, करंट लागत नाही." या भरवशावर काम सुरू करू देऊ नका. भिजलेला, आतून ओलसर किंवा जोडाला तार गुंडाळलेला बांबू एवढ्या दाबापुढे टिकत नाही. ॲल्युमिनियमची शिडी तिथे आणूच नये. फायबरची बरी, पण तीही कोरडी आणि स्वच्छ असेपर्यंतच.

लाइन माणसाला लांबून ओढून घेते असा समज आहे. खरं तर ११ केव्हीची ठिणगी हवेतून फार लांब जात नाही. घात होतो तो शिडी उभी करताना, नाहीतर उभ्याच शिडीला सरकवताना. २० फुटी शिडी खाली जराशी घसरली तरी वरचं टोक कितीतरी फूट झुकतं, आणि ती सावरायला धावलेले सगळे एकाच वेळी शिडीला धरून असतात. वरच्या तारा उघड्या असतात, त्यांना आवरण नसतं. म्हणून शिडी नेताना आडवीच न्या. जागा अशी निवडा की शिडी कुठल्याही बाजूला कलंडली तरी टोक तारेपासून १० फूट लांब राहील.

तुमच्याकडे तेवढी जागा नसेल, तर महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन शटडाऊन घ्या. "लाईट गेलीय तोवर उरकून घेऊ" हे अजिबात नको. डीपीवरचा फ्यूज उडाला की घरात अंधार होतो, पण वरची ११ केव्ही चालूच असते. लाइन बंद करून अर्थिंग केलंय, असं वायरमनने समोर येऊन सांगेपर्यंत थांबा. घरातला एमसीबी पाडून या लाइनला काहीही फरक पडत नाही.

तारेचं भिंतीपासूनचं अंतरही बघून घ्या, मात्र जमिनीवरून, अंदाजाने. टेप वर नेऊ नका. ११ केव्हीसाठी नियमाने बाजूने किमान १.२ मीटर आणि गच्चीच्या वर ३.७ मीटर अंतर हवं. त्याहून कमी वाटलं तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आणि शिडी तारेला लागलीच, तर कोणीही हात लावायचा नाही. लाइन ट्रिप होऊन आपोआप पुन्हा चालू होऊ शकते. जवळ असाल तर पळू नका. पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, सरकत लांब व्हा. १९१२ आणि ११२ ला फोन करा. लाइन बंद झाल्याची खात्री झाली की मगच जखमीजवळ जा, आणि श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्या.