म्हातारं कुत्रं घरी आणण्याआधी

इंदूर

प्रिय मुली, आशीर्वाद.

आजन्म फॉस्टरसाठी, म्हणजे शेवटपर्यंत घरी सांभाळायला, प्राण्यांच्या संस्थेने तुझ्यापुढे दोन कुत्री ठेवली आहेत. एक ब्रीडरने पिल्लं काढून काढून शेवटी टाकून दिलेली दहा वर्षांची लॅब्रॅडॉर. दुसरा बायपासवर गाडीखाली येऊन मागचे पाय गेलेला तीन वर्षांचा गावठी. तुझा जीव गावठीत अडकलाय, हे पत्र वाचूनच कळतं. तरी माझं मत सांगते: लॅब घे.

गावठी का नको, ते आधी. कमरेखालून लुळ्या पडलेल्या कुत्र्याच्या पायांपेक्षा त्याच्या लघवीचं काम मोठं असतं. मणक्याला मार लागला की बहुतेकदा लघवीची पिशवी आपोआप रिकामी होत नाही. ती दिवसातून तीन-चार वेळा, दर सहा ते आठ तासांनी हाताने दाबून रिकामी करावी लागते. त्याला उभं धरायचं किंवा कुशीवर झोपवायचं, दोन्ही तळवे पोटाच्या मागच्या भागात, मांड्यांच्या जरा पुढे ठेवायचे आणि आत चाचपायचं. पाणी भरलेल्या फुग्यासारखा गोळा हाताला लागतो. तो सावकाश, एकसारखा, शेपटीच्या दिशेने दाबायचा. हिसका द्यायचा नाही. त्याने पोट ताठ केलं तर थांबायचं, श्वास सोडला की पुन्हा दाबायचं. धार संपून हाताखाली पिशवी चपटी लागली की झालं. काहींच्या पिशवीच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की दाबूनही थेंब येत नाही. तिथे जोर केला तर पिशवी फुटू शकते, म्हणून झडप सैल करणारी गोळी लागते. हे कागदावर वाचून येत नाही. डॉक्टरांनी तुझ्या हातावर हात ठेवून शिकवायला हवं.

यात नवशिके हमखास फसतात ते एका जागी: अंथरूण ओलं दिसलं की वाटतं, चला, लघवी झाली. पिशवी तुडुंब भरून ओसंडत असते, रिकामी झालेली नसते. आत साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. लघवी गढूळ दिसली, उग्र वास आला किंवा लालसर छटा दिसली, तर त्याच दिवशी तपासणी. शिवाय ओल्या कातडीवर पावसाळ्यात माश्या बसतात, आणि माशीने अंडी घातली की दिवसभरात किडे पडतात. तू सकाळी नऊला निघतेस, सातला परततेस. आईंच्या मनगटांचं दुखणं तूच लिहिलं आहेस. मधले दहा तास कोण करणार? उत्तर नसेल तर त्या कुत्र्यासाठी दिवसभर घरी माणूस असलेलं घरच बरं. तुला त्याची चाकाची गाडी करून द्यायची असेल तर जरूर दे, पण मापं घेऊन, आणि एक लक्षात ठेवून: गाडीत कुत्र्याला नीट बसता-लोळता येत नाही. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरे, तीही नजरेखाली.

आता लॅबकडे. ‘वय झालं’ हे दोन शब्द तिच्या बाबतीत तोंडातून काढू नकोस. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या बऱ्याच दुखण्यांवर उपचार असतात, ते राहतात ते या दोन शब्दांमुळे. ती सुस्त आहे, फुगली आहे, शेपटीचे केस गेले आहेत, असं तू लिहितेस. वय असेल, पण थायरॉइडही असू शकतं, आणि ते रक्त तपासून कळतं. उठताना कण्हते ती बहुधा सांध्यांमुळे. रात्री घरभर फिरते, कोपऱ्यात तोंड घालून उभी राहते, तर म्हातारचळ समजण्याआधी दुखणं आणि लघवीचा संसर्ग नाही ना, ते बघायचं.

घरी आणण्याआधी संस्थेकडून रक्ताची पूर्ण तपासणी, किडनी-लिव्हर, थायरॉइड, लघवी आणि गोचिडतापाची चाचणी करून घे. आपल्याकडे गोचिडताप सर्रास असतो. प्लेटलेट्स कमी, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, ही त्याची लक्षणं. एक्स-रे आणि मोठ्या तपासण्यांसाठी महूचं पशुचिकित्सा महाविद्यालय हाताशी आहे. तिची नसबंदी झालेली नसणार, ब्रीडर ती करतच नाहीत. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, मागून पू दिसला, तर गर्भाशयात पू झालेला असतो. कधी तोंड बंद असल्याने पू बाहेर दिसतच नाही, ते जास्त धोक्याचं. रात्र काढायची नाही, त्याच दिवशी ऑपरेशन. म्हणूनच प्रकृती झेपत असेल तर नसबंदी आधीच उरकावी. आठवड्यातून एकदा स्तनांच्या दोन्ही रांगा बोटांनी चाचपून बघ. हरभऱ्याएवढी गाठही डॉक्टरांना दाखवायची.

एक वही कर. त्यात तीन आकडे. झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते: तीसच्या आत ठीक. तीसच्या वर जाऊन तिथेच राहू लागली तर हृदयाचा संशय. दुसरा, पाणी. सकाळी मापाने भर, रात्री उरलेलं मोज. किलोमागे पन्नास-साठ मिली साधारण धरायचं, म्हणजे तीस किलोच्या कुत्रीला दीड-पावणेदोन लिटर, उन्हाळ्यात थोडं जास्त. तीन लिटरवर गेली तर फोन करायचा. तिसरा, वजन, दर पंधरा दिवसांनी. उचलता येत नसेल तर दवाखान्याच्या काट्यावर. फासळ्या हलक्या हाताने लागेपर्यंत ते कमी करायचं आहे, कारण वजन उतरलं की सांध्यांवरचा भार कमी होतो.

इथे घरच्यांशी एकदा बसून बोल. इंदुरात पोहे-जिलेबी आणि शेवेशिवाय पाहुणा जात नाही, आणि पाहुण्याच्या हातून चार शेवा कुत्रीच्या तोंडात जातातच. मीठ, मसाला, कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, सगळं बंद. आजी-आजोबा ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी एका डब्यात उकडलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी ठेव. देण्याचं समाधान त्यांना मिळतं आणि कुत्रीचंही काही बिघडत नाही.

फरशी हा तिचा खरा शत्रू. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात. एकदा घसरली की ती उठायलाच घाबरते आणि न उठल्याने स्नायू आणखी उतरतात. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत मागे रबर असलेल्या पट्ट्या अंथर. साधी सतरंजी नको, ती स्वतःच सरकते. पंजाच्या गाद्यांमधले केस कापून टाक, नखं वाढू देऊ नकोस. अंथरूण चार इंची फोमचं, वर धुता येईल असं रेक्झिन, त्यावर सुती चादर. कोपरावर घट्टे दिसू लागले तर फोम दबलाय. जिना उतरताना पोटाखालून टॉवेलची झोळी घालून मागचा भार तू घे. लघवीने कातडी लाल झाली तर धुऊन पूर्ण कोरडी कर. लहान बाळांची रॅश क्रीम लावू नकोस, तिच्यात झिंक ऑक्साइड असतं आणि कुत्री ते चाटते. भिजलेले पॅड कागदात गुंडाळून निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, कचरागाडीच्या सॅनिटरी कप्प्यात जातात. हे इंदूरकराला सांगायला नको, पण सुक्या कचऱ्यात टाकलेले पाहिलेत म्हणून सांगते.

औषधांत एकच गोष्ट अगदी कडक पाळ: माणसांची वेदनाशामकं नाहीत. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, अर्धी गोळीसुद्धा नाही. डॉक्टरांनी मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं तर ते जेवणानंतर, किडनीचा रिपोर्ट पाहून, आणि स्टेरॉइड चालू असताना कधीच नाही. दोन्ही एकत्र झाली की पोटात व्रण पडतात. शी काळी डांबरासारखी झाली तर गोळी थांबव आणि फोन कर. आणि कधी झटका आलाच, तर घड्याळ बघ, आजूबाजूचं सामान सरकव, तोंडात हात किंवा चमचा घालू नकोस. कोणी कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावलं तर त्याला बाहेर काढ. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा चोवीस तासांत दुसरा आला, तर थेट दवाखाना.

दिवाळीचा आणि रंगपंचमीच्या गेरीचा, म्हणजे मिरवणुकीचा, आवाज तुमच्या रामबागेपर्यंत येतो. भीती कमी करणारं औषध लागणार असेल तर डॉक्टरांना आठवडाभर आधी विचार आणि साध्या दिवशी एकदा देऊन बघ. ॲसेप्रोमॅझीन हे गुंगीचं औषध एकटं देऊ नये. त्याने कुत्री निपचित पडते, पण आतून तितकीच घाबरलेली असते. मे महिन्यात फिरणं सकाळी सातच्या आत.

तुझं स्वतःचंही बघ. रेबीजची आगाऊ लस घेऊन टाक. चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, लस घेतलेली असली तरी.

आता करार. आजन्म फॉस्टरमध्ये कुत्री कागदोपत्री संस्थेचीच राहते. साधारणपणे उपचाराचा खर्च संस्थेचा आणि घर, रोजची देखभाल तुझी. पण ‘साधारणपणे’वर जाऊ नकोस, लिहून घे. रात्री दोनला गाठायचा डॉक्टर कोणता, संस्थेचा फोन लागला नाही तर किती रुपयांपर्यंतचा निर्णय तू घेऊ शकतेस, खाणं कोणाचं, तुझी बदली झाली किंवा लग्न ठरलं तर कुत्री कुठे जाणार. तिला दत्तक द्यायच्या यादीत पुन्हा टाकणार नाहीत, हेही त्यात यायला हवं.

आणि शेवटचा निर्णय कोणाचा, हेही. अमेरिकन पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी 2004 साली एक मोजपट्टी मांडली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना प्रत्येकी दहापैकी गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर काळजी चालू ठेवायची. तू आणि संस्थेचा माणूस वेगवेगळे गुण द्या, मग ताडून बघा. रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही. वेळ आलीच तर आधी पूर्ण भूल आणि मग शिरेतून औषध, याच क्रमाने, डॉक्टरांच्या हातून. हे आधीच विचारून ठेव. त्या दिवशी विचारायचं त्राण नसतं.

कराराचा मसुदा आला की सही करायच्या आधी मला फोटो पाठव. रक्ताचे रिपोर्टही त्याबरोबरच पाठव. किडनीचे आकडे बघूनच तिचं खाणं ठरवू.

तुझी
मावशी