सोसायटीचा गरबा पावसामुळे रद्द करायचा असेल, तर निर्णय केव्हा घ्यावा?

आकाश भरून आले असताना सकाळीच गरबा रद्द करावा की रात्री नऊपर्यंत वाट पाहावी, असा आपला प्रश्न आहे. बडोद्यातील आमच्या सोसायटीच्या गरब्याची व्यवस्था मी काही वर्षे पाहत आलो आहे, आणि माझे मत असे की सकाळी तर निर्णय घेऊच नये. परतीचा पाऊस बहुधा दुपारच्या तापलेल्या हवेतून उभा राहतो आणि सायंकाळी कोसळतो, त्यामुळे सकाळचे ऊन आणि सकाळचे ढग दोन्ही सारखेच फसवे असतात. आम्ही सायंकाळी सहाची वेळ ठरवली आहे. त्या वेळी हवामान खात्याचा पुढील तीन तासांचा अंदाज पाहायचा आणि मग मैदानावर जायचे.

खरा निकाल मैदानच देते. आमच्याकडे सगळे अनवाणी खेळतात, म्हणून मांडवीभोवती (मैदानाच्या मधोमध देवीसाठी उभारलेल्या मखराभोवती) आणि चारही कडांना मी टाच जोर देऊन रुतवतो. टाच उचलल्यावर खळग्यात पाणी साचले, तर वर चांदणे पडले असले तरी त्या रात्री फेर धरायचा नाही. माती नुसती ओलसर असेल, तर बारीक चाळलेली रेती पातळ पसरून काम भागते. एका वर्षी घाईत बांधकामाची जाड रेती टाकली आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली तळव्यांना फोड आल्यामुळे कडेला बसून टाळ्या वाजवत होत्या.

विजांच्या बाबतीत मात्र सहा वाजण्याची वाट पाहायची नाही आणि मतेही घ्यायची नाहीत. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत असते. त्याच क्षणी खेळ थांबवून सर्वांना पक्क्या इमारतीत न्यावे (मांडव म्हणजे आडोसा नव्हे) आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे कोणालाही बाहेर सोडू नये. ध्वनिक्षेपकाच्या आणि दिव्यांच्या तारा जमिनीवरून नेलेल्या असतील, तर ओल्या मैदानावर वीजप्रवाह सुरूच करू नये. आमच्या गायकाला एकदा माइकमधून झटका बसला होता, तेव्हापासून गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवल्याशिवाय आम्ही बटण दाबत नाही.

नवरात्र तिथीवर चालते, हेही ध्यानात घ्यावे. २०२३ मध्ये ते १५ ऑक्टोबरला बसले, तर २०२५ मध्ये २२ सप्टेंबरलाच. असे लवकर आले की पाऊस गृहीत धरूनच ढोलवाल्याशी आणि मांडववाल्याशी बोलणी करावी. सहाच्या सुमारास गरबा रद्द झाल्याचे कळवले तर किती रक्कम द्यायची, हे आम्ही आगाऊ पैसे देतानाच लिहून घेतो. निरोपही एकाच व्यक्तीने, एकाच ओळीत पाठवावा. त्यात आम्ही ‘गरबा रद्द’ असे न लिहिता ‘आज फक्त आरती, साडेआठला, पार्किंगमध्ये’ असे लिहितो, कारण खेळ बुडाला तर मुले रुसतात, पण आरती चुकली तर ज्येष्ठ मंडळी वर्षभर ऐकवतात.