वादळाची लय कोणती आणि षड्ज कोणता?

प्रश्न : बेथोवेनच्या सहाव्या, म्हणजे ‘पास्टोरल’ सिंफनीतील वादळाचा भाग मी वारंवार ऐकतो. मोबाइलवरील एका ॲपने त्याची लय मिनिटाला १६० ठोके, स्वर ए-फ्लॅट मेजर आणि भाव ‘आक्रमक’ असा दाखवला. मला पेटी शिकवणारे गुरुजी मात्र लय ८० ची आणि स्वर एफ मायनर असल्याचे सांगतात. खरे काय मानावे?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : गुरुजींचे म्हणणे बरोबर आहे. ॲपची गफलत कुठे झाली, तेही समजून घेण्यासारखे आहे.

लयीचा वाद लवकर मिटतो. बेथोवेनने १८१७ साली आपल्या सिंफनींसाठी मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे प्रसिद्ध केले, त्यात या भागासाठी ८० हा आकडा आहे. प्रत्येक बारमध्ये, म्हणजे आवर्तनासारख्या छोट्या खंडात, चार मात्रा आहेत आणि हा ठोका दोन-दोन मात्रांचा आहे. ॲपने सुटी मात्रा मोजली म्हणून १६० आले. वेग एकच, फक्त मोजणी दुगुनीची. पडताळा घ्यायचा तर या भागात १५५ बार आहेत, म्हणजे ३१० ठोके, आणि ८० च्या लयीत ते चार मिनिटांना आठ सेकंद कमी असताना संपतात. तुमचे ध्वनिमुद्रण याहून किती लांब वा आखूड आहे यावरून वाद्यवृंदाने कोणती लय धरली हे कळेल. मध्येच वेग वाढल्यासारखा वाटतो, तो स्वरांच्या दाटीमुळे. ठेका तोच राहून तबल्याचे बोल दाट व्हावेत, तसे ते आहे.

स्वराची गोष्ट अधिक रंजक आहे. एफ मायनर आणि ए-फ्लॅट मेजर यांचे सातही स्वर एकच आहेत, फक्त पहिल्यात षड्ज एफवर असतो आणि दुसऱ्यात ए-फ्लॅटवर. भूपाचा गंधार षड्ज धरला की मालकंस उभा राहतो, तसाच हा मूर्च्छनेचा, म्हणजे तेच स्वर ठेवून षड्ज बदलण्याचा, प्रकार आहे. कोणते स्वर वाजले हे मोजून षड्ज ठरत नाही, कशाच्या आधाराने वाजले हे ऐकावे लागते. हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी पेटीवर पांढरी चार, म्हणजे एफ हा स्वर, धरून हा भाग पुन्हा ऐकला. संपूर्ण सिंफनीत टिंपनी, म्हणजे ते मोठे नगारे, याच एका भागात वाजतात आणि ते एफ व सी या स्वरांत, म्हणजे पांढरी चार व पांढरी एक यांवर, लावलेले असतात. तानपुऱ्यासारखा षड्ज-पंचम! पहिला मोठा गडगडाट होतो तेव्हा पेटीचा सूर त्यात असा मिसळतो की शंकाच उरत नाही. त्याच ठिकाणी चेलो आणि डबलबास ही व्हायोलिनच्या कुळातली खर्जाची वाद्ये एकत्र वाजतात; चेलो एका मात्रेत पाच स्वर घेतात, डबलबास चार घेतात, आणि त्या न जुळणाऱ्या घासण्यातून स्वरांऐवजी घरघर ऐकू येते.

भावाबद्दल मात्र मला ॲपशी भांडावेसे वाटते. तुम्ही बहुधा हा भाग सुटा ऐकत असावा, कारण ‘आक्रमक’ हा शब्द चार मिनिटे कापून काढल्यावरच सुचतो. आधीचा भाग खेडुतांच्या आनंदमेळ्याचा, एफ मेजरमधला. तो पंचमावर येऊन थांबतो, कान षड्जाची वाट पाहतो, आणि चेलो-बास हलकेच काळी एक, म्हणजे कोमल धैवत, थरथरवू लागतात. पाठोपाठ व्हायोलिनवर पावसाचे तुटक थेंब. मे महिन्यात भर दुपारी पुण्यावर अंधारून येते, वळवाआधीचा वारा सुटतो आणि गच्चीवरची वाळवणे गोळा करायला माणसे धावतात, तेव्हा पोटात जे होते ते इथे आहे. बेथोवेनने स्वतःच या सिंफनीविषयी लिहून ठेवले होते की हे चित्रणापेक्षा भावनेचे प्रकटीकरण अधिक आहे. या वादळात मला राग ऐकू येत नाही, धास्ती ऐकू येते, आणि नंतर सुटकेचा श्वास.

तो श्वास नीट ऐकण्यासाठी तिसरा, चौथा आणि पाचवा हे भाग सलग लावा. ते मुळातच न थांबता वाजवायचे आहेत. शेवटी गडगडाट दूर गेल्यावर ओबोवर, म्हणजे सनईसारख्या फुंकवाद्यावर, एक संथ, प्रार्थनेसारखी ओळ येते. ती सुरुवातीच्या त्या तुटक थेंबांचीच सुरावट आहे, फक्त प्रत्येक स्वर लांबवलेला. त्यानंतर बासरी एकटी वर चढत जाते आणि मेंढपाळाचे गाणे सुरू होते, पुन्हा पांढरी चारच्या मेजरमध्ये.