आंबी, मोसे आणि मुठा

प्रश्न : पानशेतचे धरण आंबी नदीवर, वरसगावचे मोसे नदीवर आणि टेमघरचे मुठेवर आहे. मग पुण्यात येणाऱ्या नदीला एकट्या मुठेचेच नाव कसे? आणि खरे नाव ‘मोसे’ की ‘मोशी’?
(एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : या तिन्ही नद्या सह्याद्रीच्या माथ्यालगत उगम पावतात आणि मधल्या डोंगरसोंडांमुळे वेगळ्या झालेल्या खोऱ्यांतून पूर्वेकडे वाहतात. पानशेत आणि वरसगाव ही धरणे अगदी शेजारी आहेत. त्यांच्या खालच्या अंगाला आंबी व मोसे एकत्र येतात आणि सांगरुणच्या परिसरात मुठेला मिळतात. पुढे खडकवासल्यापासून पुण्यापर्यंत मुठा हेच नाव चालते.

हे नाव पाण्याच्या मापावरून पडलेले दिसत नाही. टेमघरची साठवण सुमारे ३.७१ टीएमसी (अब्ज घनफूट), तर पानशेतची १०.६५ आणि वरसगावची १२.८२ टीएमसी आहे. धरणाची साठवण म्हणजे नदीचा प्रवाह नव्हे हे खरे, तरी आंबी आणि मोसे यांना मुठेचे किरकोळ ओढे समजणे चूक ठरेल, एवढे या आकड्यांवरून निश्चित कळते. संगमानंतर कोणते नाव टिकावे याचा भूगोलात पक्का नियम नाही. तेथे वहिवाटच चालते. पुण्यातल्या संगमावर मुळा आणि मुठा यांपैकी एकीचेही नाव मागे पडले नाही, म्हणून तेथून भीमेला मिळेपर्यंत ती नदी मुळा-मुठा म्हणवते.

‘मोसे’ हेच रूप वापरावे. मावळात नदी आणि खोरे बहुधा एकाच नावाने ओळखले जाते. बाजी पासलकर मोसे खोऱ्याचे देशमुख होते आणि वरसगावच्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे. मोशी हे इंद्रायणीकाठचे गाव असून त्याचा या नदीशी संबंध नाही.

आंबीच्या वाट्याला मात्र एवढीही ओळख आली नाही, याची आम्हांस खंत वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या आपत्तीला पुणेकर आजही ‘पानशेतचा पूर’ म्हणतात; ज्या नदीचे पाणी त्या दिवशी लकडी पुलावरून वाहिले, तिचे नाव त्यांतील फार थोड्यांना सांगता येते.