डीएएफ चमकला, पण कशामुळे?

डीएएफ-एफएम (पेशींमधला नायट्रिक ऑक्साइड शोधायला वापरतात तो चमकणारा डाय) चमकला की लगेच ‘नायट्रिक ऑक्साइड सापडला’ असं लिहून मोकळे होऊ नका. हा डाय थेट नायट्रिक ऑक्साइडशी जुळतच नाही. ऑक्सिजन असताना नायट्रिक ऑक्साइडपासून बनणाऱ्या डायनायट्रोजन ट्रायऑक्साइडशी त्याची अभिक्रिया होते आणि ट्रायझोल हे चमकणारं संयुग तयार होतं. त्याचा परत मूळ डाय होत नाही, म्हणजे दिसते ती साठत गेलेली बेरीज, त्या क्षणाचं प्रमाण नव्हे.

एल-नेम (पेशींना नायट्रिक ऑक्साइड बनवू न देणारं रसायन) देऊन सिग्नल उतरतो का, ते आधी बघा. नायट्रिक ऑक्साइड टिपून काढणाऱ्या नुसत्या सीपीटीआयओवर विसंबू नका. तो त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड बनवतो आणि कधीकधी सिग्नल उलट चढतो! पेरॉक्सिनायट्राइट (नायट्रिक ऑक्साइड आणि सुपरऑक्साइड मिळून बनणारा ऑक्सिडंट) शोधायला मी तरी डायहायड्रोऱ्होडामिन हा डाय घेणार नाही, इतर बऱ्याच ऑक्सिडंटनीही ऑक्सिडाइझ होतो तो. त्यापेक्षा बोरोनेट प्रोब (बोरॉन असलेला शोधक डाय) बरा. आणि हो, नमुन्यांची प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, उजेडाने डाय बिघडतो.