घरचा फोन: तांब्याची तार सोडून इंटरनेटवर जाताना

या वेळच्या पत्रांमध्ये लँडलाईनचाच विषय सगळ्यात जास्त आहे, सांगलीकडूनही आणि साताऱ्याकडूनही, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि इथं याच विषयावर नीट बोलूया.

प्रश्न: आमच्या घरी सासरे होते तेव्हापासूनची लँडलाईन आहे. पाऊस सुरू झाला की लाईनवर एवढी खरखर येते की समोरचा काय बोलतो तेच कळत नाही. मुलगा म्हणतो दुसऱ्या कंपनीचं फायबर घेऊ, त्याच्यासोबत फोन फुकट मिळतो. मिस्टर म्हणतात नंबर जाईल. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, मोबाईल त्यांना जमत नाही, दिवसभर घरी एकट्या असतात आणि सगळे नातेवाईक त्याच नंबरवर फोन करतात. काय करावं? (एक वाचक, गावभाग, सांगली)

ताई, मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे आणि निर्णय तिथूनच सुरू करा. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे 2011 पासून देशभर आहे, पण लँडलाईनला ती नाही. म्हणजे तुमचा 0233 चा नंबर दुसऱ्या कंपनीकडे जाणार नाही, ती कंपनी तिचा नवीन नंबर देणार, मग भले त्याच्याही पुढे 0233 च असू दे. आता तुमच्या घरात फोनचा खरा उपयोग काय आहे तर सासूबाईंना त्या नंबरवर फोन येतात, आणि त्यांच्या वयाची जी माणसं फोन करतात, बहिणी, नणंदा, माहेरची, त्यांच्या डायरीत तो नंबर पेनानं लिहिलेला आहे, ती काय व्हॉट्सॲपवर नंबर बदलल्याचा मेसेज वाचणार नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही नंबर सोडू नका.

नंबर ठेवूनही तांब्याच्या तारेतून सुटका होऊ शकते. ज्या कंपनीची लाईन आहे तिचंच फायबर तुमच्या गल्लीत आलंय का ते आधी विचारा. बीएसएनएलची जुनी लाईन त्यांच्याच फायबरवर नेताना नंबर बहुतेक ठिकाणी तोच ठेवता येतो, पण अर्ज भरतानाच "जुना नंबर कायम ठेवून फायबरवर बदली" असं लिहून घ्या, आणि नुसतं तोंडी "होतंय की वहिनी" म्हणाले तर तेवढ्यावर उठून येऊ नका, कारण एकदा नवीन नंबरचा अर्ज पुढं गेला की जुना परत जोडून घ्यायला लई हेलपाटे पडतात.

खरखर का येते तेही सांगतो. तांब्याच्या तारेतून आवाज विजेच्या रूपात जातो आणि वाटेत खांबावर, डब्यात, जमिनीखाली कुठं कुठं जॉईंट असतात, त्यात पाणी शिरलं की खरखर सुरू होते. फायबर म्हणजे काचेचा केसासारखा बारीक धागा, त्यातून प्रकाश जातो, त्यामुळे पाण्यानं खरखर येत नाही. फायबरचा त्रास वेगळा असतो, ते वाकलं किंवा तुटलं की आवाज हळूहळू खराब वगैरे होत नाही, थेट बंदच पडतं. मोडेमवर एलओएस असं लिहिलेली लाईट लाल झाली की समजायचं प्रकाशच येत नाहीये, मग मोडेम दहा वेळा बंद-चालू करत बसू नका, सरळ तक्रार नोंदवा. आणि घरात तो पातळ वायर दाराच्या फटीतून नेऊ देऊ नका किंवा कपाटामागं दाबून टाकू देऊ नका, बसवायला आलेली पोरं घाईत असतात, त्यांच्याजवळ उभं राहून नीट वळण देऊन लावून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे लाईट. जुन्या लँडलाईनला घरातली वीज लागतच नव्हती, एक्स्चेंजमधून त्याच तांब्याच्या तारेवरून साधारण 48 व्होल्ट येतात आणि एक्स्चेंजला स्वतःच्या बॅटऱ्या असतात, म्हणून गल्लीत अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरमध्ये ते नाही, काचेतून वीज जात नाही, त्यामुळे घरातली लाईट गेली की मोडेम बंद आणि मोडेम बंद म्हणजे फोन बंद. घरात एकटं वयस्कर माणूस असेल तर ही गोष्ट प्लॅनच्या दरापेक्षा मोठी आहे, आणि विकणारा माणूस ती आपणहून कधीच सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

उपाय सोपा आहे. इन्व्हर्टर असेल तर मोडेम ज्या प्लगला लावणार तो प्लग इन्व्हर्टरवर आहे का बघा, बऱ्याच घरात इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि ट्यूब असतात आणि हॉलमधला प्लग नसतो. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, हातात मावेल एवढा, घेताना मोडेमच्या ॲडाप्टरवर किती व्होल्ट आणि किती ॲम्पिअर लिहिलंय ते बघून तसाच घ्यायचा, बहुतेक 12 व्होल्ट असतात. फायबरचा डबा आणि वायफायचा राऊटर वेगवेगळे असतील तर फोनची वायर ज्या डब्याला लावली आहे त्याला आणि फायबरच्या डब्याला, दोन्हीला बॅकअप पाहिजे. सगळं बसलं की बसवणारा माणूस जायच्या आत मेन स्विच बंद करा आणि मोबाईलवरून घरच्या नंबरला रिंग द्या, वाजली तरच सही करा.

गावभागात राहताय म्हणून अजून एक. 2019 आणि 2021 चा महापूर तुम्ही बघितलाय, अशा वेळी वीज नुसती तासा-दोन तासांसाठी जात नाही, आणि पुढे कंपनीच्या डब्याची, केबलवाल्याच्या खोलीची वीज गेली तर घरातला यूपीएस असूनही फोन लागणार नाही. तेवढ्या दिवसांसाठी सासूबाईंकडे मोठ्या बटणांचा साधा मोबाईल चार्ज करून ठेवलेला असावा, तो उचलायचा कसा एवढंच त्यांना शिकवा.

सेट तोच चालेल का असं वाचकांकडून कायम विचारलं जातं. मोडेमच्या मागं इंटरनेटच्या वायरीची जी रुंद भोकं असतात त्यांच्या शेजारी एक लहान भोक असतं, तिथं फोन किंवा टेल असं लिहिलेलं असतं, त्यात जुन्या सेटची वायर टक्कन आवाज येऊन बसते. बटणांचा सेट असेल तर चालतो, फिरवायच्या डायलचा सेट मात्र बऱ्याच मोडेमवर नंबर लावत नाही, फार तर फोन आलेला घेता येतो. स्वयंपाकघरात पॅरलल फोन असेल आणि घरातल्या जुन्याच वायरिंगवर दोन्ही चालवायचे असतील तर बाहेरून येणारी तांब्याची जोडी आधी पूर्ण सोडवून घ्या, तिच्यावरचा एक्स्चेंजचा करंट मोडेममध्ये शिरला तर फोनचं पोर्ट जळू शकतं. आणि सासूबाईंच्या सेटमध्ये नंबर साठवून देताना मोबाईल नंबरच्या आधी शून्य टाका, 15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून मोबाईल लावायचा तर शून्य लागतोच, फायबरवरच्या फोनलाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, आम्ही दोघंच असतो, मुलगा पुण्यात. आमच्या कॉलनीत दोन कंपन्यांचं फायबर आहे आणि तिसरा गच्चीवर डबा लावून हवेतून नेट देतो म्हणतो. नंबरचं आम्हाला काही नाही, नवीन चालेल. कुठलं घ्यावं? जास्त स्पीडवाला प्लॅन घेतला तर आवाज चांगला येईल का? (गोडोली, सातारा)

गुरुजी, आवाजासाठी स्पीडचे पैसे देऊ नका. एका कॉलला जाता-येता प्रत्येकी जेमतेम 100 केबीपीएस लागतात, म्हणजे 30 एमबीपीएसचा (30,000 केबीपीएसचा) सगळ्यात साधा प्लॅनसुद्धा फोनसाठी भरपूर झाला. आवाज तुटतो तो नेट मध्येच अडखळल्यामुळे, आणि ते कुठली कंपनी आहे यापेक्षा तुमच्या कॉलनीत तिची वायर कोण सांभाळतो यावर जास्त अवलंबून असतं. बऱ्याच ठिकाणी नाव मोठ्या कंपनीचं असतं आणि वायर ओढणारा, दुरुस्त करणारा माणूस गावातलाच केबलवाला असतो. म्हणून शेजारच्या चार घरांत जाऊन एवढंच विचारा, मागच्या वेळी बंद पडलं तेव्हा किती दिवसांनी चालू झालं. साताऱ्यात हे विचारणं जास्तच गरजेचं आहे कारण हायवेच्या सहापदरीकरणाचं काम असो नाहीतर गल्लीतल्या पाण्याच्या पाईपचं, जेसीबीचा दात लागला की केबल तुटते, ती कुणाचीही तुटते, फरक फक्त कोण लवकर जोडतो याचा.

हवेतून मिळणारं नेट म्हणजे 5जी टॉवरवरून घेतलेलं, जिथं फायबर पोचत नाही तिथं ते उपयोगी आहे, पण तुमच्याकडे फायबर दारात आलंय तर ते सोडून हवेवर जायचं काही कारण मला दिसत नाही. टॉवरवर संध्याकाळी गर्दी झाली की त्याचा वेग खालीवर होतो.

दोन गोष्टी मात्र घेण्याआधी विचारा. पहिली, मोडेमला साधा सेट लावायची सोय आहे का, कारण काही ठिकाणी तो नंबर मोबाईलमधल्या ॲपवरच चालवायला सांगतात. ॲप वाईट नाही, जिओचं जिओजॉईन आहे त्यानं घरचा नंबर मोबाईलवर वापरता येतो, पण वहिनींना सेट लागत असेल तर सेटच घ्या. दुसरी, प्लॅन प्रीपेड आहे का. प्रीपेड असेल तर मुदत संपली की नेटसोबत फोनही जातो, आणि तुमचा रिचार्ज मुलगा पुण्यातून मारणार असेल तर त्याला ऑटोपे लावायला सांगा. दर विचारताना त्यावर 18 टक्के जीएसटी धरूनच हिशोब करा, जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा त्याशिवायचा असतो.

जुनी लाईन लगेच काढू नका, नवीन फोन एक महिना नीट चालला की मग सरेंडरचा अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या आणि सुरुवातीला भरलेल्या डिपॉझिटची पावती सापडत असेल तर सोबत जोडा, ते पैसे तुमचेच आहेत. जुन्याच तांब्याच्या लाईनवर ब्रॉडबँड असेल तर लाईनसोबत तेही बंद होतं हे लक्षात असू द्या.

प्रश्न: हळदीची अडत आहे, दुकानात एक लाईन आणि तिच्यावर आतल्या आत बोलायला छोटी इंटरकॉमची पेटी. अजून काही परगावचे व्यापारी फॅक्स मागतात. फायबरवर गेलो तर हे चालेल का? का सरळ व्हॉट्सॲप कॉलवरच यावं? (मार्केट यार्ड, सांगली)

इंटरकॉमची पेटी चालते, तिच्या बाहेरच्या लाईनच्या जागी मोडेमची फोनची वायर जोडायची, फक्त साध्या घरगुती कनेक्शनला एका वेळी एकच कॉल मिळेल हे धरून चला. सौद्याच्या वेळी तीन-चार कॉल एकदम घ्यायचे असतील तर घरगुती प्लॅनच्या मागं लागू नका, कंपनीकडे एसआयपी लाईन (इंटरनेटवरून चालणारी धंद्याची फोन लाईन) मागा, त्यात एकाच नंबरवर अनेक कॉल एकाच वेळी येतात. फॅक्स इंटरनेटच्या फोनवर भरवशाचा नाही, कधी जातो कधी अर्ध्यात तुटतो, त्या व्यापाऱ्यांना पीडीएफवर आणणंच बरं.

व्हॉट्सॲप कॉल हा फोनची जागा घेत नाही. त्यावरून 112 हा पोलीस-ॲम्ब्युलन्सचा तातडीचा नंबर लागत नाही, लँडलाईनवाल्याला कॉल जात नाही, आणि समोरच्याकडेही तेच ॲप पाहिजे. शिवाय ॲप ज्याचं त्याच्या मर्जीवर, स्काईपसारखं नावाजलेलं ॲप 5 मे 2025 ला बंद झालं. परवाना असलेल्या कंपन्यांना इंटरनेटवरून पूर्ण टेलिफोन सेवा द्यायला आपल्या सरकारनं 2018 मध्ये मोकळीक दिलेली आहे, तेव्हा परवानावाल्या कंपनीचाच नंबर घ्या. पेढीचा नंबर बिलावर, बोर्डावर, पोत्यावर छापलेला असतो, तो असल्या भरवशावर टाकू नका.

प्रश्न: फोन आला की "तुमची लँडलाईन दोन तासात बंद होणार, फायबरवर जायला नऊ दाबा". खरं असतं का? (वाई)

नाही. असे कॉल बऱ्याचदा ट्रायच्या, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नावानं येतात, पण ट्राय कुणाचाही फोन तोडत नाही आणि तसे कॉलही करत नाही. नऊ दाबू नका, आधार नंबर आणि ओटीपी सांगू नका, फोन ठेवून द्या. असा कॉल सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाच्या विभागात कळवता येतो, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा. घरात आजी-आजोबा असतील तर हे त्यांना आजच सांगा.

प्रश्न: आमच्या वाडीत फायबर नाही, येईल असंही दिसत नाही. लँडलाईन तर कधीच गेली. मोबाईलची रेंज फक्त ओसरीवर येते. वडिलांना घरात बसून बोलता येईल असा फोन पाहिजे. (पाटण तालुका)

तुमच्यासाठी सिम टाकायचा टेबलावरचा सेट बरा, दिसायला लँडलाईनसारखाच, रिसीव्हर उचलून बोलायचं. घेताना 4जी आणि व्होल्टी (म्हणजे 4जीवरूनच कॉल) चालणाराच घ्या, स्वस्तातले नुसते 2जीचे सेट मिळतात त्यात जिओचं सिम चालतच नाही कारण त्यांच्याकडे 2जी नेटवर्कच नाही. बाहेरून अँटेना लावता येतो असा मॉडेल बघा आणि अँटेनाची वायर लांब घेऊन तो ओसरीकडच्या खिडकीत लावा. सिम कुठलं घ्यायचं ते ओसरीवर उभं राहून दोन-तीन कंपन्यांचे फोन हातात घेऊन ठरवा, शेजारच्या वाडीत चालतं म्हणून तुमच्याकडे चालेलच असं डोंगरात नसतं. सेटमध्ये बॅटरी असते, लाईट गेली तरी काही तास चालतो, पण घेताना ती बॅटरी नंतर सुटी मिळते का ते दुकानदाराला विचारा. पुढे कधी वाडीत ब्रॉडबँड आलंच तर वायफाय कॉलिंग असलेला साधा स्मार्टफोन वडिलांच्या खोलीतही लागेल, मग रेंज नसली तरी चालतं.