ओव्हरक्लॉकिंगसाठी १ लाख ८ हजार घालावेत का? सेलूच्या व्हिडिओ एडिटरला उत्तर

नमस्कार,

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही सेलूत घरूनच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करता. कॉम्प्युटरमध्ये इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर, बी६६० मदरबोर्ड, १६ जीबीची एकच डीडीआर४ रॅम आणि दोन वर्षांपूर्वीचं एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड आहे. फोरके फुटेज टाइमलाइनवर अडकतं. दुकानदाराने आय७-१४७००के प्रोसेसर, झेड७९० बोर्ड, डीडीआर५ रॅम, लिक्विड कूलर आणि मोठा पॉवर सप्लाय मिळून १,०८,००० रुपयांचं कोटेशन दिलंय, वर 'ओव्हरक्लॉक करून देतो', म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुढे पळवून देतो, असंही सांगितलंय. तुम्ही विचारता, दीड लाखाची एफडी मोडू, की ९,९०० रुपयांचे १२ हप्ते करू?

या लग्नसराईआधी दोन्ही करू नका.

आधी हप्त्यांचं बघू. १२ हप्ते म्हणजे १,१८,८००. व्याज १०,८०० दिसतं, म्हणून ते 'फक्त १० टक्के' असं सांगितलं जातं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लावलेलं असतं. प्रत्यक्ष दर वर्षाला १८ टक्क्यांच्या आसपास पडतो. एफडीचं म्हणाल तर घरखर्च २२,००० आणि कॅमेऱ्याचा हप्ता ६,८०० धरून तुमचे सहा महिने १,७२,८०० रुपयांत निघतात. तुमचं काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं आणि चातुर्मासात थांबतं. शिवाय निम्मी गिऱ्हाइकं 'बाकी सोयाबीन विकल्यावर देतो' म्हणतात, हे तुम्हीच लिहिलंय. अशा घराला सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवाच, आणि ती एफडी त्याला आताच २२,८०० रुपयांनी कमी पडते. तिला हात लावू नका.

आता ओव्हरक्लॉकिंग. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच टर्बोवर (भार आला की आपोआप वाढणाऱ्या वेगावर) जवळजवळ शेवटच्या टोकापर्यंत पळवलेले असतात. चिप चांगली लागली तर वर पाच-दहा टक्के मिळतात. वीज आणि उष्णता मात्र त्याहून कितीतरी जास्त वाढते. वीज क्लॉकच्या (वेगाच्या) पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर विजेचा खप सुमारे ३३ टक्क्यांनी चढतो. १४७००के न छेडताही भरात २५३ वॅटपर्यंत जातो, तुमचा १२४०० मात्र ११७ वॅटवर थांबतो. बिलाची मला फारशी चिंता नाही. रोज सहा तास, महिन्याचे २५ दिवस १०० वॅट जास्त लागले तरी ते १५ युनिट होतात. चिंता वेगळी आहे. कूलर कितीही महाग घेतला तरी तो खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो, स्लॅबच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चिप १०० अंशांजवळ पोचली की स्वतःच वेग कमी करते. म्हणजे ज्या दोन महिन्यांत तुमची वर्षाची कमाई होते, नेमक्या त्याच दोन महिन्यांत विकत घेतलेला वेग हाती राहणार नाही. आणि वीज गेली की ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ग्राफिक्स कार्डासकट हे मशीन त्यावर टिकेल याची खात्री नाही.

यापेक्षा मोठा धोका रॅमच्या ओव्हरक्लॉकचा आहे. प्रोसेसर अस्थिर झाला तर बहुतेक वेळा मशीन बंद पडतं, निदान ते कळतं तरी. रॅम किंचित अस्थिर झाली तर कार्डवरून कॉपी करतानाच फाइल गुपचूप बिघडू शकते. कार्ड पुसून झाल्यावर सप्तपदीचा शॉट उघडत नाही असं लक्षात आलं तर नवरानवरीला पुन्हा उभं करता येत नाही. तुमच्या धंद्यातला खरा तोटा तोच आहे, आणि त्याची भरपाई कुठलीच वॉरंटी देत नाही. ओव्हरक्लॉकमुळे चिप गेली तर तिच्या वॉरंटीचाही भरवसा नाही. इंटेलची त्यासाठीची वेगळी संरक्षण योजना २०२१ मध्येच बंद झाली. १३व्या आणि १४व्या पिढीच्या अनेक चिप तर ओव्हरक्लॉक न करताच जादा व्होल्टेजमुळे खराब होत होत्या. २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती काढली आणि बॉक्समध्ये विकलेल्या संबंधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १४७००के त्याच यादीत आहे.

मग टाइमलाइन अडकते त्याचं काय? माझा अंदाज आहे की तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५ (रंगाची जास्त माहिती ठेवून दाबलेला व्हिडिओ) मध्ये शूट करतो. आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीच्या एनव्हिडिया कार्डांना हे फुटेज हार्डवेअरवर उलगडता येत नाही. तुमच्या १२४०० मधल्या अंतर्गत ग्राफिक्सला मात्र येतं, फक्त प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' नसावा. वेगळं कार्ड बसवलं की बऱ्याच बोर्डांवर हे अंतर्गत ग्राफिक्स बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद राहतं. ते चालू करा आणि एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग निवडा. खर्च शून्य. तेवढ्याने भागलं नाही तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून कापाकापी करा. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेगही बघा. ३२०० ची रॅम २६६६ वर किंवा त्याहून कमी चालत असेल तर बायोसमधलं एक्सएमपी (रॅम तिच्या नोंदलेल्या वेगावर चालवणारं सेटिंग) चालू करा. १२४०० साठी ३२०० हा अधिकृतपणे मान्य वेग आहे, त्यामुळे त्यात जुगार नाही. तरी नंतर एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवाच.

यानंतर पैसे घालायचेच तर दुसरी १६ जीबी रॅम घ्या. पहिलीच्याच कंपनीची आणि वेगाची मिळाली तर उत्तम. एकाऐवजी दोन चॅनल झाले की प्रोसेसरला रॅमकडून दुप्पट मार्ग मिळतो. मग कामासाठी एक एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) आणि फुटेजच्या दुसऱ्या प्रतीसाठी बाहेरची हार्ड डिस्क. हे सगळं हंगामातल्या पहिल्या बयाण्यातून, टप्प्याटप्प्याने.

१४७००के हा वाईट प्रोसेसर आहे असं माझं म्हणणं नाही. सहाऐवजी २० कोअर मिळाल्यावर एक्सपोर्ट नक्कीच झपाट्याने होईल. पण तो फायदा कोअरचा आहे, ओव्हरक्लॉकचा नाही. आणि एक्सपोर्ट तुम्ही रात्री लावून झोपता. तो पाऊण तास आधी संपला म्हणून एक लग्न जास्त घेता येणार नाही. तुमचा वेळ शॉट निवडण्यात आणि घरच्यांच्या दुरुस्त्यांत जातो. हंगामभर एका वहीत लिहा: किती तास तुम्ही मशीनची वाट पाहिली आणि त्यापायी किती कामं नाकारली. दोन-तीन लग्नं खरोखर सोडावी लागली असतील तर दिवाळीत मी स्वतः तुम्हाला 'घ्या' म्हणेन. तेव्हाही एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट काढा. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त पडतात, १८ टक्के नाहीत.

कराचंही बघून ठेवा. या कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटीचे सुमारे १६,४७५ रुपये आहेत. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर ते परत मिळणार नाहीत. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो हे खरं, पण तो हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्याला. तुम्ही अनुमानित उत्पन्नावर (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर) कर भरत असाल तर त्याची वेगळी वजावट नाही.

दुकानदाराकडून आत्ताच आणखी एक कोटेशन मागून ठेवा: 'के' नसलेला, म्हणजे ओव्हरक्लॉकसाठी नसलेला, १४७००, बोर्ड आणि रॅम आहे तीच. तुमच्या बी६६० मॉडेलवर तो पूर्ण भारात दिवसभर चालेल का, त्यासाठी बायोस अपडेट कोण करून देणार आणि जुना १२४०० किती रुपयांना परत घेणार, ही तिन्ही उत्तरं कागदावर घ्या.